नाव घातलेला डबा

विरार (पश्चिम),
५ जानेवारी २०२५

ती. आनंदीआत्यास,
सा. न.

उमंगला फोन केला होता. म्हणाला, "आईने फोन कधीच सोडला. तुला काही विचारायचं असेल तर कागदावर लिहून दे, मी हमाली करतो." म्हणून हे पत्र. याआधीचं पत्र मी दहावीच्या पेपरात लिहिलं होतं, तेही गुणांसाठी, कुठल्याशा काल्पनिक काकांना. तू खरी आहेस, तेव्हा चुका पोटात घाल.

सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत असते, पण तुला खोटं काय सांगू? दमलेय. दहा वर्षं पोटासाठी कंपन्यांच्या समारंभांना कमानी आणि देखावे करतेय. लोक कमानीत उभे राहून फोटो काढतात, दुसऱ्या दिवशी कमान कचऱ्यात. आता एक काम स्वतःसाठी करायला घेतलंय. उमेळ्याला गाळा भाड्याने मिळालाय. मागे एक केळीची वाडी अजून तग धरून आहे, बाकी तिन्ही बाजूंना इमारती.

काम असं आहे. भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर घराघरांतून आणलेले, नाव घातलेले डबे. बघणाऱ्याने नुसतं बघायचं नाही, झाकण उघडायचं. उघडलं की ज्या घरचा डबा त्या घरच्या माणसाचा आवाज ऐकू येतो, त्याने कधीतरी फोनवरून कुणाला पाठवलेला. शुभ सकाळ, वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावपूर्ण श्रद्धांजली, जे असेल ते. डब्याच्या तळाशी वजन ओळखणारी चकती आहे. ऐकून झाल्यावर तुम्ही आत काही ठेवलंत तर वरचा दिवा पिवळा होतो. नुसतंच ऐकून झाकण लावलंत तर निळा. आमच्या फोनवर निरोप वाचला की निळ्या खुणा येतात ना, तसा. अशा कामाला मांडणशिल्प म्हणतात. याचं नाव मी 'पोच' ठेवलंय.

कल्पना तुझ्याच ओटीवरची आहे. शेजारून आलेलं भांडं मी धुऊन तसंच परत द्यायला निघाले होते, तेव्हा तू मला वेणीला धरून मागे ओढलं होतंस. "रिकामं भांडं परत करतात का गो? निदान चिमूटभर साखर घाल." आत्या, आम्ही फोनवर दिवसभर रिकामी भांडी परत करत असतो. अंगठा दाखवायचा आणि पुढे जायचं.

शंभर डबे हवेत. साठ जमलेत. तुझ्या फडताळात नाव घातलेले जुने डबे असतील तर देशील का?

तुझी,
मीरा

*

निर्मळ,
१६ जानेवारी

चि. मीरास,
अनेक आशीर्वाद.

उमंगने तुझं पत्र चार दिवस बॅगेत फिरवलं. हमालीही धड करत नाही.

मांडणशिल्प हा शब्द मी दोनदा वाचला. आम्ही फळीवर डबे मांडले की तो संसार, तू मांडलेस की शिल्प. असो. तुझ्या हाताला काम आहे आणि ते तुझ्या मनाचं आहे, एवढं मला पुरे. जेवतेस ना वेळेवर?

पाच डबे पाठवतेय. एक पितळी, सासूबाईंच्या नावाचा, त्याला चिंच लावून घे. दोन माझ्या मंगळागौरीतले. एक तुझ्या आतोबांना सोसायटीने निरोपाच्या वेळी दिलेला, त्यावर त्यांचं नाव चुकीचं घातलंय, पण ते कधी कुणाला बोलले नाहीत.

पाचवा मोठा स्टीलचा आहे. त्यावर आमचं नाव नाही. 'सौ. मर्लिन सॅन्टन लोपीस, १९९१' असं आहे. पलीकडच्या वाडीतली मर्लिन, तुला सुट्टीत झाडावरचे पांढरे जाम काढून द्यायची ती. तो बरीच वर्षं आमच्याकडे पडून आहे. फडताळ उघडलं की तोच आधी समोर येतो. तुझ्याकडे असला तर बरं. परत करायची घाई करू नकोस.

रिकामं भांडं परत करू नये, हे मी तुला सांगितलं होतं खरं. सांगणं सोपं असतं.

फोन मी डोळ्यांमुळे सोडला. अक्षर फार बारीक असतं त्यात.

संक्रांत झाली. तिळाचे लाडू थोडेच केले. करून द्यायचे कुणाला? अकरा उमंगबरोबर पाठवतेय, त्याने वाटेत किती खाल्ले ते मोजून घे.

तुझी आत्या,
आनंदीबाई

*

उमेळे,
२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

आठ पोचले. तीन हमालीत गेले.

डबे सगळे लागले. बाकीचेही इकडून तिकडून जमले, शंभर झाले. प्रत्येकाच्या बुडाला बारीक भोक पाडून वायर आत घेतली, स्पीकर बसवले. बोटांना पट्ट्या आहेत म्हणून अक्षर असं.

मुंबईत ज्या गॅलरीत हे मार्चमध्ये लागायचंय तिथला हर्षवर्धन परवा येऊन गेला. वयाने माझ्याहून बारा वर्षांनी लहान, बोलण्यात बारा वर्षांनी मोठा. सगळं बघितलं आणि म्हणाला, "ताई, छान आहे, पण यात लोकांनी रील काढावी असा स्पॉट कुठे आहे?" मी म्हटलं, अरे, हे त्याच्यावरच तर आहे. म्हणाला, "हो ना, म्हणूनच तर पाहिजे." मी चहा ठेवला.

मग त्याच्याबरोबरच्या अकरा जणांवर चाचणी घेतली. सगळ्यांनी झाकणं उघडली, सगळ्यांना मजा वाटली. दहा जणांनी आत काहीच ठेवलं नाही. चकचकीत झाकणात स्वतःचं तोंड दिसतं, त्याचे फोटो मात्र काढले. अकराव्या मुलीने बसचं तिकीट ठेवलं. तेवढं वजन चकतीला कळतच नाही, त्यामुळे तिच्या डोक्यावरही निळाच दिवा. बिचारी दोनदा झाकण उघडून बघत होती.

आता तुझी गंमत. मला तुमच्या घरचा आवाज हवा होता, तर उमंगने तुझा जुना फोन आणून दिला. काच तडकलीय, पण चालू झाला. त्यात तुझे सोळा आवाज निघाले. 'ऐका हो सगळ्यांनी' अशी सुरुवात करतेस, जणू दवंडी पिटतेयस! त्यातला सगळ्यात ठसकेबाज जानेवारी २०२१ चा आहे, 'बावखल पाळी' या गटावरचा. सॅन्टनकाकांनी वाडी बिल्डरला दिली, टेप घेऊन माणसं आलेली तू डोळ्यांनी बघितलीस, तो. गटावरून पुसलेला दिसतो, पण फोनच्या पोटात राहिला होता. तो मी मर्लिनबाईंच्या डब्यात घातलाय. डबा तुझ्या घरून आलेला, आवाज तुझा आणि बातमी त्यांची. आता तर वाडी गेलीच, उमंग सांगत होता, पत्रेही ठोकलेत. जुनी बातमी आपल्याच डब्यात जाऊन बसली, असं छान जमून आलंय.

रविवारी तेवीस तारखेला, ज्यांनी डबे दिले त्यांना आधी इथे गाळ्यात बोलावलंय. मर्लिनबाईंनाही उमंगच्या हाती चिठ्ठी दिलीय. दोघी मिळून या. रिक्षा मी पाठवते.

तुझी,
मीरा

*

निर्मळ,
६ फेब्रुवारी

मीरा,

तो आवाज काढून टाक. लगेच काढ. मर्लिनच्या डब्यातून काढ आणि दुसऱ्या कुठल्या डब्यातही घालू नकोस. डबा मला परत पाठव.

मी तेवीसला येणार नाही. मर्लिनला चिठ्ठी देण्याआधी मला विचारायचंस.

आत्या

*

उमेळे,
९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. रागही आला, तो लपवत नाही.

दहा-दहा डबे एका वायरीत गुंफलेत. एक काढला तर ती अख्खी फळी मुकी होते. ही जोडणी करायला मला तीन आठवडे लागलेत आणि पंधरा तारखेला हर्षवर्धन चित्रीकरणाला माणसं आणतोय. दहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं काम माझ्या नावाने लावतंय, आत्या. आतापर्यंतच्या कमानींवर कंपनीचं नाव असायचं.

काढायचं म्हणतेस तर काढते, पण कारण तरी सांग. त्या आवाजात काही वाईट नाही. तू कुणाला शिवी दिलेली नाहीस. झालं ते तू सांगितलंस. तुझ्या आवाजात काय जीव आहे! इतर नव्याण्णव आवाज त्याच्यापुढे सपक वाटतात. आणि तू फोन डोळ्यांमुळे सोडलास म्हणतेस, पण तुझं अक्षर माझ्यापेक्षा बारीक आहे. मी काही आता लहान नाही.

तुझी,
मीरा

*

निर्मळ,
१३ फेब्रुवारी

चि. मीरास,
आशीर्वाद.

लहान नाहीस, तर ऐक. हे मी उमंगलाही सांगितलेलं नाही. पाकीट चिकटवून देतेय.

आमच्या तीन वाड्यांचं मिळून एक बावखल, शिंपण्यापुरतं पाण्याचं तळं. पंपाची पाळी ठरलेली. टाळेबंदीत कुणी कुणाच्या दारात जाईना, म्हणून पोरांनी पाळीसाठी तो गट काढला आणि उमंगने मला फोन घेऊन दिला. मला टाइप करता येईना, तर म्हणाला, बटण दाबून बोल. मी बोलले. आणि मीरा, मला ते आवडलं. आतोबा गेल्यापासून माझं बोलणं ऐकायला घरात होतं कोण? इथे मी 'ऐका हो' म्हटलं की तीस-चाळीस माणसं ऐकायची. कुणी हसायचं, कुणी अंगठा दाखवायचं. सकाळी उठले की आज काय सांगू, हेच डोक्यात.

त्या जानेवारीत मी कुंपणापलीकडे दोन माणसं टेप धरून मोजताना बघितली. सॅन्टन बरोबर होता. मी विचारलं नाही. तीस वर्षं मी त्या कुंपणावरून सगळं विचारत आले, भाजी काय केलीस इथपासून, आणि त्या दिवशी विचारलं नाही. फोन तोंडाशी धरला आणि बोलून मोकळी झाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. एकतीस अंगठे आले.

ती माणसं फुलांवर घालायच्या जाळीचं माप घ्यायला आली होती. शेवंतीसाठी. सॅन्टनने वाडी दिली नव्हती. देण्याचा त्याच्या मनात विचारही नव्हता.

दोन दिवसांनी मला कळलं. मी तो आवाज पुसला. मला वाटलं पुसला की पुसला. 'मी चुकले' असं पुन्हा बटण दाबून सांगायला मात्र माझी जीभ वळली नाही. एकतीस माणसांसमोर तोंड कसं दाखवू, एवढाच विचार केला. तोवर लोक म्हणायला लागले, विकणाऱ्याला पाळी कशाला? त्याची पंपाची पाळी तोडली. फुलं खुडायला येणाऱ्या बायांनी दुसरीकडे काम धरलं, म्हणाल्या, इथलं आता काही खरं नाही. आणि बातमी ऐकून खरेच दलाल यायला लागले, आठवड्याला एक. दोन वर्षं त्याने दम धरला. मग विकली. मी बोलले तेव्हा खोटं होतं, सगळ्यांनी मिळून ते खरं करून दाखवलं. तुला ते नुसतं जुनी बातमी वाटलं, त्यात तुझा दोष नाही.

आता डबा. तो एकट्या मर्लिनचा नव्हताच. नाताळात ती तो भरून पाठवायची आणि संक्रांतीला मी त्यात लाडू भरून परत करायची. तीस वर्षं. वीसच्या नाताळात आला आणि संक्रांतीच्या आधी मी ते बोलून बसले. मग लाडू घेऊन कुठल्या तोंडाने जाऊ? रिकामा द्यायचा नाही, आणि भरायचं काय ते सुचेना. म्हणून राहिला. तुला दिला तो कलेसाठी नव्हे. माझ्या नजरेआड व्हावा म्हणून दिला.

तेवीस साली सॅन्टन गेला. त्याचं दार माझ्या दारापासून दोनशे पावलांवर. मी ओटीवर बसून रडण्याचा आवाज ऐकला. चपला घातल्या, काढल्या. गटावर सगळे हात जोडलेलं चित्र टाकत होते. मीही टाकलं. दोनशे पावलांवरून, मीरा. त्याच संध्याकाळी फोन उमंगला देऊन टाकला.

मर्लिन सव्वीस तारखेला मेलबर्नला मुलीकडे चाललीय, कायमची. तुझ्या भिंतीसमोर उभी राहून तिने तो डबा उघडावा आणि आतून मी बोलावं, हे मला सहन होणार नाही. डबा झाकणासकट पाठव. तुझी फळी मुकी झाली तर होऊ दे. तुझं नुकसान होतंय हे मला समजतं, तरी मागतेय.

तुझी आत्या

*

उमेळे,
१७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

डबा उमंगच्या हातात दिलाय आणि बजावलंय, चार दिवस फिरवायचा नाही.

तुझं पत्र मी गाळ्यात बसून वाचलं, समोर शंभर डबे. मी जगाला दाखवायला निघाले होते की फोनवर बोललेलं कुठे जाऊन पडतं याचा कुणी विचार करत नाही. आणि मीच तुझा आवाज तुला न विचारता भिंतीवर टांगला, वर 'ठसकेबाज' म्हणून कौतुक केलं. मला माझीच लाज वाटली.

आवाज मी पुसलाय, फोनच्या पोटातूनही. पुसला म्हणजे काय, ते आता आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. पंधराच्या चित्रीकरणात तो डबा उघडला गेला का, तेही तपासलं. नाही.

अजून एक सांगायचंय आणि ते सांगायला जीव होत नाही. डब्याच्या बुडाला भोक आहे. मागे एका पत्रात मी लिहिलं होतं, पण तेव्हा सगळेच डबे माझे असल्यासारखी लिहीत होते. बुजवून मिळेल का विचारायला बाजारात घेऊन गेले. भांडीवाला म्हणाला, "बाई, याला खर्च करण्यापेक्षा नवीन घ्या, नाव फुकट घालून देतो." मी तशीच परत आले. स्पीकर आणि वायर काढलीय, आतून घासून धुतलाय. एवढंच करू शकले.

माफ कर.

तुझी,
मीरा

*

विरार,
२३ फेब्रुवारी, संध्याकाळ

ती. आत्यास,
सा. न.

हे पत्र उमंग उद्याच देईल, तो इथे खालीच थांबलाय.

आज साठ-सत्तर माणसं आली. एक अख्खी फळी मुकी होती. मी जोडणी बदलायला बसले नाही, अंगात त्राण नव्हतं, आणि बदलू नये असंही वाटलं. मर्लिनबाईंच्या डब्याची जागा रिकामीच ठेवली, खाली त्यांच्या नावाची पट्टी तेवढी राहिली. लोकांनी सगळ्यात जास्त फोटो त्या रिकाम्या जागेचे काढले. हर्षवर्धन खूश. मुंबईतही अशीच ठेव म्हणतो. मी अजून ठरवलेलं नाही.

मर्लिनबाई आल्या होत्या. मला वाटलं होतं येणार नाहीत. त्या गर्दीत त्यांनी एकही झाकण उघडलं नाही. सरळ नावं वाचत वाचत आपल्या पट्टीपाशी आल्या आणि थांबल्या. मी जवळ गेले. म्हणाल्या, "माजा डबा खय हाय गो?" मी म्हटलं, "आत्याकडे परत पाठवलाय." त्या म्हणाल्या, "तिच्याकडंच होता की. पाच संक्रांती." आणि चहा न घेता निघून गेल्या.

आत्या, तू अजून गेली नाहीस का? त्यांना जायला तीन दिवस राहिले आहेत.

मीरा

*

निर्मळ,
२७ फेब्रुवारी

चि. मीरास,
अनेक आशीर्वाद.

मी का थांबले होते ते आधी सांगते. तू डबा पाठवलास त्या दिवशी मी तो पालथा करून ते भोक बघितलं आणि तुझ्यावर चिडायला बसले, पण चिडता येईना. भोक तू पाडायच्या आधीपासून त्यात काही राहत नव्हतं. मग विचार केला, भोकाच्या डब्यातून काय नेता येईल? गळेल असं काही नको. आणि राजेळी केळ्यांचा एक लोंगर पिकायला टांगलेलाच होता.

पिकली केळी सोलून उन्हात वाळवायची, ती सुकेळी मी आणि मर्लिन दरवर्षी एकत्र करायचो. एकाच बांबूच्या तट्ट्यावर तिची केळी आणि माझी. कावळे हाकलायची पाळीसुद्धा ठरलेली. यंदा मी एकटीने सोलली, एकटीने राखली. सुकेळ्यांना आठ उन्हं लागतात. मला पाचच मिळाली. तुझं पत्र आलं त्या दिवशी वाटलं, अजून तीन दिवस थांबले तर सुकेळी होतील पण मर्लिन नसेल. तेव्हा परवा दुपारी तशीच अर्धीकच्ची केळीच्या सुक्या सोपटात गुंडाळली आणि डब्यात भरली.

दोनशे पावलं चालायला मला किती वेळ लागला ते विचारू नकोस.

दार उघडंच होतं. बॅगा भरून ठेवलेल्या, भिंतीवरचा क्रूस तेवढा अजून जागेवर. मर्लिन जमिनीवर बसून साड्यांच्या घड्या घालत होती. तिने वर बघितलं आणि पुन्हा घडी घालायला लागली. मी डबा तिच्यासमोर ठेवला. तिने झाकण उघडलं, एक सुकेळं दाबून बघितलं.

"कच्ची हायत," ती म्हणाली.

"उन्हं कमी पडली," मी म्हटलं. आणि मग उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. टेपचं, आवाजाचं, पुसल्याचं, मयताला न आल्याचं. काही लपवलं नाही.

सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. पुसायच्या आदीच ऐकलेला. तुजा आवाज मी वळखनार नाय? तीस वर्सं कुंपनावरनं ऐकला."

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"तू येशील म्हनून. पयल्या संक्रांतीला वाटलं येशील. दुसऱ्या संक्रांतीला वाटलं. मग वाट बघायचं सोडलं." पुढची साडी उचलत म्हणाली, "सॅन्टनला मी नाय सांगितलं, दुसऱ्या कुनीबी नाय. त्याला शेवटपर्यंत वाटायचं कुनी दुसऱ्यानंच केलं. आनंदी असं करनार नाय म्हनायचा."

मी खाली बसले, मीरा. तिथेच जमिनीवर बसून रडले. ती रडली नाही. तिने मला पाणीही विचारलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. साड्या संपेपर्यंत मी बसून होते. शेवटच्या दोन घड्या मी घातल्या.

मग तिने सुकेळी एका पिशवीत काढली, डबा धुवायला मोरीत नेला, आणि पाणी भरलं ते खालून तिच्या पायांवर गळायला लागलं. "हे काय गो?" मी म्हटलं, "भाचीने भोक पाडलं. कलेसाठी." तेव्हा ती हसली. मोठ्याने नाही, पण हसली. म्हणाली, "तिला सांग, माज्याकडं आनखी डबे हायत, सगळ्यांची चाळन करून दे."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी तसं विचारलंही नाही. विचारण्याजोगं ते राहिलेलं नाही, हे मला कळतं. या वयात काही गोष्टी तशाच घेऊन चालायच्या असतात.

मी निघाले तेव्हा तिने डबा पुसला आणि बॅगेत साड्यांच्या मध्ये दाबून बसवला. झाकण तिच्या हातात राहिलं. ते तिने बॅगेत घातलं नाही. दारापर्यंत आली आणि माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "अगो, झाकणाशिवाय डबा कसा नेतेस?"

"ऱ्हाऊ दे तुज्याकडं," ती म्हणाली, आणि आत गेली.

काल पहाटे तिची गाडी गेली. मी ओटीवर उभी होते. गाडी आमच्या दारापाशी जराशी हळू झाली, थांबली नाही.

झाकण फडताळात ठेवलंय, डबा होता त्याच जागी. ते तुझ्या भिंतीसाठी मागू नकोस, मिळणार नाही. तिथली जागा रिकामी ठेवायची की नाही ते तुझं तू ठरव, त्या हर्षवर्धनचं ऐकून ठरवू नकोस. आणि जरा झोप काढ.

एक काम कर. मेलबर्नचा पत्ता मर्लिनने निघायच्या आदल्या रात्री मी नेलेल्या सुकेळ्याच्या सोपटावर लिहून उमंगच्या हाती पाठवला, तो मी वहीत उतरवून घेतलाय. तिकडे पत्र किती दिवसांत पोचतं आणि पाकिटावर काय काय लिहावं लागतं, ते तुझ्या फोनवर बघ आणि मला कळव. कागद मी आणून ठेवलेत.

तुझी,
आत्या